जाहिरातीतली हेराल्ड, मांडवीतली हेराल्ड

रविवारच्या आमच्या जुन्या गाड्यांच्या बैठकीचा एकच नियम आहे. गाडी आणा किंवा नका आणू, जाहिरात मात्र आणायचीच. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या अंगणात दोन गाड्या कशाबशा मावतात. बाकीच्या रस्त्याकडेला उभ्या राहतात, आणि बॅट घेऊन निघालेली पोरं खेळायचं सोडून काचांना नाक लावून आत बघत बसतात. मंडळी सात-आठच. एक पारशी काका, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, कापडाच्या धंद्यातले दोघे गुजराती भाऊ, माझे थोरले दीर आणि अधूनमधून कुणाचा तरी पाहुणा. सेव-उसळीच्या बश्या उचलल्या की टेबल पुसून कोरडं करायचं, हात धुवायचे आणि मग पानं बाहेर काढायची. बॉनेट उघडून इंजिन दाखवायला दहा मिनिटं पुरतात. एका छापील पानावरून मात्र दुपार होते.

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. या मंडळींत माझा शिरकाव झाला तो कागदामुळे. मी इथल्याच फाइन आर्ट्‌समध्ये शिकले आणि नंतर कितीतरी वर्षं रावपुऱ्यातल्या एका लहानशा स्टुडिओत औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं काढली. ब्रश कुठे फिरलाय, कुठे थरथरलाय आणि कुठे मुद्दाम खोटं बोललाय, हे मला दिसतं. भाऊजींना पस्तीवाल्याकडे ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे जुने गठ्ठे सापडले. त्यांनी गाड्यांची पानं फाडायला घेतली, तेव्हा मी ओरडले, “अहो भाऊजी, फाडू नका, अंक अख्खा ठेवा!” तिथून हे सगळं सुरू झालं.

जुनी जाहिरात बघताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची. त्या पानावरची गाडी तेवढी लांब कधीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही बरीच वर्षं गाड्यांच्या जाहिराती हाताने रंगवल्या जात. चित्रकार गाडीचं नाक ताणायचा, छप्पर दाबायचा, चाकं जरा मोठी करायचा आणि आत बसवलेली माणसं हळूच लहान करायचा. माणसं लहान झाली की गाडी ऐसपैस दिसते. फूटपट्टी घेतली की हे सहज पकडता येतं. चाकाचा व्यास मोजा आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतच्या अंतरात तो किती वेळा बसतो ते पाहा. मग अंगणातल्या गाडीवर तोच हिशोब करा. आमच्याकडे हा खेळ चालतो आणि पारशी काका दर वेळी चित्रकाराची बाजू घेतात. त्यांचं म्हणणं, “डिकरा, लग्नाचा फोटो पण असाच असते ने!”

ही ताणाताणी मोडली ती 1959 मध्ये, फोक्सवॅगन बीटलच्या अमेरिकेतल्या जाहिरातींनी. कलादिग्दर्शक हेल्मुट क्रोन याने पांढरंशुभ्र पान जवळजवळ रिकामं सोडलं आणि कोपऱ्यात गाडीचा बारकासा फोटो टाकला. मजकूर ज्युलियन केनिगचा, आणि त्याचा सूर असा की गाडी लहान आहे, तुम्हीही जरा लहान विचार करा. त्याच्या आदल्याच वर्षी डेव्हिड ओगिल्व्हीने रोल्स-रॉइसची ती प्रसिद्ध जाहिरात केली होती, जिच्यात ताशी साठ मैल वेगाने जाणाऱ्या गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा येतो. ते वाक्य त्याचं नव्हतं. एका ब्रिटिश मोटर मासिकाच्या तांत्रिक संपादकाच्या अहवालातून त्याने ते उचललं होतं आणि जाहिरातीत तसा उल्लेखही केला होता. ती वाचून रोल्स-रॉइसचा एक इंजिनिअर म्हणाला, आता त्या घड्याळाचं काहीतरी करायला हवं, हा किस्सा ओगिल्व्ही स्वतःच रंगवून सांगत. मला या दोन्ही जाहिराती आवडतात. पण फोक्सवॅगनच्या जाहिरातीत धाडस जास्त आहे. घड्याळाचा आवाज विकणं त्या मानाने सोपं, कारण गाडी मुळातच महाग होती आणि घेणाऱ्याला ते ठाऊक होतं.

मराठी वाचकांना रोल्स-रॉइसच्या प्रचाराशी आपलं जुनं नातं आहे, हे सहसा माहीत नसतं. 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी झाली. सुमारे 620 मैलांची, म्हणजे जवळपास हजार किलोमीटरची. मुंबईहून कोल्हापूरला जायचं म्हणजे घाट आले, आणि तेव्हाचे रस्ते म्हणजे खडी, धूळ आणि बैलगाड्यांची चाकोरी. त्या शर्यतीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक सिल्व्हर घोस्ट जिंकली आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतली. संस्थानिकांच्या डोळ्यांसमोर गाडी सह्याद्री चढून दाखवते, यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? छापील पान नंतर आलं, आधी घाट आले.

पुढे संस्थानिकांनी युरोपातल्या गाड्यांची रांगच लावली. इंदूरच्या यशवंतराव होळकरांचा या बाबतीतला शौक जगभर माहीत आहे. कोल्हापूरची मेबॅक तर आजही दसऱ्याला बाहेर पडते. दसरा चौकातल्या सोहळ्याला राजघराण्यातली मंडळी तिच्यातूनच येतात आणि गर्दी गाडीकडे बघते की राजाकडे, ते सांगणं अवघड होतं. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराज 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले. पुढच्या अनेक वाऱ्यांत त्यांनी ग्रंथालयांपासून यंत्रांपर्यंत कितीतरी गोष्टी हेरून आणल्या. त्यांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर जानेवारी 2023 मध्ये ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याची दहावी आवृत्ती भरली. आम्ही सगळे गेलो होतो. राजवाड्याच्या लालसर भिंतीपुढे चकाकणारे रेडिएटर, पांढऱ्या किनारीचे टायर आणि लेदरचा वास. नाही म्हणणार नाही, डोळे दिपले. पण त्या गाड्या पाहून झाल्यावर मला हातात धरायला काही मिळालं नाही. त्या गाड्यांचा घाट गिऱ्हाइकाच्या मर्जीने ठरलेला. कंपनी नुसती चेसिस आणि इंजिन देई, वरचं अंग वेगळा कारागीर घडवी आणि रंग महाराज सांगतील तो. अशा गाडीला जाहिरातीची गरजच नव्हती. जाहिरात लागते ती डॉक्टरला, वकिलाला, कॉलेजातल्या प्राध्यापकाला, ज्यांना दोन गाड्यांपैकी एक निवडायची असते आणि रात्रभर झोप लागत नाही. माझा जीव त्या गाड्यांत आहे.

आणि त्या साध्या गाड्यांची एक गोष्ट बडोद्यापासूनच सुरू होते. ओखा मंडळ हा काठियावाडच्या टोकाचा मुलूख बडोदे संस्थानाचा होता आणि संस्थानाला समुद्राचं दार हवं म्हणून तिथे बंदर बांधलं गेलं. त्याच ओखा बंदरापाशी 1942 मध्ये बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने बस्तान मांडलं. ब्रिटिश मॉरिस टेन तिथे ‘हिंदुस्थान टेन’ म्हणून उभी राहिली. 1948 मध्ये कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला आणि मॉरिस ऑक्सफर्डची अँबॅसडर झाली, ती 2014 पर्यंत चालली. गंमत पुढे आहे. हिंदुस्थान मोटर्स पुन्हा आमच्या शेजारी आली. बडोद्यापासून तासाभरावरच्या हालोलला तिचा ट्रकचा कारखाना उभा राहिला, मग जनरल मोटर्सशी भागीदारी झाली आणि 1996 पासून तिथून जर्मन घराण्याची ओपल अ‍ॅस्ट्रा बाहेर पडू लागली. 2017 मध्ये तो कारखाना बंद पडला, चिनी कंपनीने घेतला आणि 2019 पासून तिथल्या गाड्यांवर एमजीचा अष्टकोनी बिल्ला लागला. हा बिल्ला ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा. म्हणजे ओख्याला मॉरिस आणि हालोलला मॉरिस गॅरेजेस! मध्ये सत्तरेक वर्षं आणि तीन-चार मालक. आमचे इंजिनिअर ही साखळी सांगायला लागले की दर वेळी एक कडी नव्याने जोडतात, म्हणून जिच्यावर आमचं एकमत आहे तेवढीच मी इथे लिहिली आहे.

आता भाऊजींच्या गाडीकडे येते. ती स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, फिकट निळी. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ही गाडी 1961 पासून काढली. मूळची ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड, 1959 ची. तिचं रूप रेखाटलं इटलीतल्या तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तीने, म्हणून ती ब्रिटिश गाड्यांच्या घोळक्यात जरा नटलेली वाटते. मागे पंखासारख्या कडा, पुढे भुवया उंचावलेले दिवे.

त्या काळी बाकीच्या लहान गाड्या एकसंध पेटीसारख्या बनत होत्या. हेराल्ड मात्र जुन्या पद्धतीने वेगळ्या चेसिसवर बनली, आणि अंगाचे तुकडे बोल्टने जोडलेले. कारण साधं आणि धंद्याचं होतं. स्टँडर्ड-ट्रायम्फला गाडीचे सांगाडे पुरवणारी कंपनी 1953 मध्ये प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. एवढा मोठा सांगाडा एका दाबात काढून देणारं दुसरं कुणी हाताशी नव्हतं. मग लहान लहान भाग वेगवेगळ्या ठिकाणी करवून घेऊन जोडायचे ठरले. या नाइलाजाचा जाहिरातवाल्यांनी गुण केला. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड एकत्र पुढे कलंडतात, आणि मिस्त्री पुढच्या टायरवर निवांत बसून इंजिनात हात घालू शकतो. ब्रिटिश पत्रकांतून हे चित्र मिरवलं गेलं. आमच्या वारसियातल्या मिस्त्री उस्तादने ते पान पाहिलं आणि म्हणाला, “हे तर माझंच बसणं आहे, फक्त साहेबाच्या कपड्याला डाग नाही.”

दुसरा मोठा दावा वळण्याचा. हेराल्ड सुमारे 25 फुटांच्या वर्तुळात फिरते, म्हणजे साधारण साडेसात मीटर, लंडनच्या टॅक्सीच्या तोडीस तोड. असला आकडा वाचून सामान्य माणूस पान उलटतो. आम्ही तो आकडा जुन्या शहरात, मांडवीत नेला. चार दरवाजांच्या आतल्या पोळांतून, म्हणजे अरुंद गल्ल्यांतून, गाडी आत जाते, पण वळून बाहेर येणं ही परीक्षा असते. एका सणाच्या पहाटे, दुकानं उघडायच्या आधी, भाऊजींनी एका चौकटीएवढ्या जागेत हेराल्ड एका दमात फिरवली. त्याच ठिकाणी कापडवाल्यांच्या धाकट्या भावाची अँबॅसडर तीनदा मागेपुढे झाली आणि एका ओट्याला घासली. जाहिरात खरी निघाली. मात्र चाकं एवढी वळवली की पुढचे टायर रस्त्यावर घासटतात, हे कुठल्याही पानावर छापलेलं नाही.

तिसरा दावा होता ग्रीसच्या कटकटीतून सुटका. जुन्या गाडीला दर काही शे मैलांनी ठिकठिकाणी ग्रीस भरावं लागे. हेराल्डमध्ये अशा जागा जवळजवळ संपवल्या होत्या. जवळजवळ. पुढच्या चाकांच्या खालच्या बाजूला पितळी रंगाचा एक आटेवाला जोड असतो, ज्याच्यावर चाक वळतं. त्याला ट्रनियन म्हणतात. त्याला ग्रीस चालत नाही, जाड गिअर ऑइल घालावं लागतं, ठरावीक अंतरावर, न विसरता. ग्रीस घातलं तर ते घट्ट बसून आत ओल धरतं, आटे गंजतात आणि एक दिवस चाक आत दुमडून गाडी नाकावर बसते. जगभरचे हेराल्डवाले या एका जोडाची धास्ती घेतात. आमच्या भाऊजींनी तेलाच्या तारखा कॅलेंडरवर एकादशीच्या शेजारी लिहून ठेवल्या आहेत.

आमच्या टेबलावर फियाटची पानं सगळ्यात कमी येतात आणि त्यालाही कारण आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आणि 1954 पासून तिथून इटालियन फियाट 1100 निघू लागली. तिच्या सुरुवातीच्या रूपाला आपल्याकडे प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. पुढची दारं उलटी, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने उघडणारी. नऊवारीतल्या आजींना उतरायला सोपी, पण चालत्या गाडीत कडी निसटली तर देवच वाली. त्याच सुमारास सरकारचं धोरण असं झालं की इथे खरोखर भाग बनवणार असाल तरच थांबा. 1928 पासून शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स 1954 मध्ये निघून गेली, फोर्डही गेली. पुढे उरल्या तीनच: फियाट, अँबॅसडर, हेराल्ड. परवाने, ठरलेला कोटा आणि वर्षानुवर्षांची नोंदणी. जिथे गिऱ्हाईकच रांगेत उभं आहे, तिथे जाहिरात करून त्याला आणखी अधीर कशाला करायचं? त्या वर्षांचे अंक चाळले की टायर, बॅटरी, इंजिन ऑइल यांची पानं रंगीत आणि गाड्यांची थोडकी. टायरवाल्यांना स्पर्धा होती ना! माझ्या मते मोटारीच्या जाहिराती कोरड्या पडल्या त्या चित्रकार संपले म्हणून नाही, निवड संपली म्हणून.

पुढे तीच 1100 पद्मिनी झाली आणि 2000 पर्यंत निघत राहिली. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली, तेव्हा बातम्यांत सगळीकडे हळहळ. पारशी काकांनी तिच्या मागच्या सीटवर कंबरेचं काय होतं याची आठवण करून दिली आणि विषय संपवला.

एवढं कागदाचं कौतुक कशासाठी, असं विचारणारे भेटतात. कामासाठी. गाडी पुन्हा उभी करताना मूळ बंपर कोणता, दोन रंगांमधली पट्टी दाराच्या कडीच्या वरून जायची की खालून, वायपर कोणत्या बाजूला विसावायचे, बिल्ल्यावरची अक्षरं तिरकी की सरळ, हे आज सांगणारा जिवंत माणूस क्वचित भेटतो. स्पर्धांतले परीक्षक मूळपणाला गुण देतात, चकाकीला नव्हे. अशा वेळी छापील पान साक्षीला येतं. पण उलटतपासणी करून घ्यायची. फोटो असेल तर जास्त विश्वास, चित्र असेल तर कमी. रंगावर तर बिलकूल नाही, कारण छापखान्यातली शाई आणि साठ वर्षांचा पिवळेपणा मिळून कुठल्याही निळ्याचं हिरवं करतात. भाऊजी हेराल्डचा रंग जाहिरातीवरून जुळवायला निघाले होते. मी त्यांना दार उघडून गालिचा उचलायला लावला. खाली, जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथे, बोटभर मूळ रंग होता. तोच जुळवला. कंपनीचं पत्रक आणि वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर जाहिरातीपेक्षा त्यांचं ऐकावं, हेही सांगते.

कायद्याचंही थोडं. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप न बदललेल्या खासगी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला 5,000. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची, रोजच्या बाजारहाटाला नाही. आमच्यात यावर दोन तट आहेत. भाऊजी म्हणतात, बरं झालं, गाडीला ओळख मिळाली. इंजिनिअर म्हणतात, जी गाडी भाजी आणायला जात नाही ती गाडी कसली. मी इंजिनिअरांच्या बाजूची. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे खातं, आणि उभ्या गाडीत पाणी ओढतं. नळ्या बदलून घ्या आणि टाकी फार दिवस तशीच ठेवू नका. चालती गाडी कमी आजारी पडते.

तुमच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक किंवा साप्ताहिकं पडून असतील तर रद्दीत घालण्याआधी मलपृष्ठ बघा. चांगली रंगीत जाहिरात बहुधा तिथेच असते, कारण ती जागा सगळ्यात महाग. पान कापायचंच असेल तर अख्खं कापा, कडेला अंकाचं नाव आणि तारीख राहू द्या. तारीख नसलेल्या पानाची आमच्या टेबलावर चर्चा होते, पण पुरावा म्हणून ते बाद. चिकटपट्टी लावू नका, वर्षभरात ती तपकिरी होते. लॅमिनेशन तर नकोच, त्यानंतर त्या कागदाचं काहीही करता येत नाही. दोन साध्या पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, वर एखादा जड शब्दकोश. आमच्याकडे यासाठी महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर कडुनिंबाच्या पानांची पुरचुंडी असते, आणि ती बदलायचं काम भाऊजींचं.